मासा सारणात, मासा पारीत

पारी, सारण आणि वाफ यांची सांगड महाराष्ट्रात उकडीच्या मोदकाने घातली, तशीच ती चीन, कोरिया, थायलंड आणि इंडोनेशिया या देशांत निरनिराळ्या पदार्थांनी घातली असून, त्या सर्वांना आज ‘डंपलिंग’ या एकाच नावाने ओळखले जाते. भारतीय शहरांतल्या हातगाड्यांवर मिळणारा मोमो हे या मोठ्या कुळातले केवळ एक घराणे आहे. हे कुळ फार जुने आहे. चीनच्या शिनजियांग प्रांतातल्या तुर्फान या वाळवंटी प्रदेशात आस्ताना येथील दफनभूमीत थांग राजवटीच्या काळातले, सुकून टणक झालेले गव्हाच्या पारीचे डंपलिंग सापडले आहेत. समुद्रकाठच्या प्रदेशांत या पदार्थात मासळी आली आणि तिने जे करून दाखवले ते मटणाला किंवा भाजीला जमलेले नाही. मटण आणि भाजी पारीच्या आत बसतात. मासा मात्र आतही बसतो, स्वतः पारीही होतो आणि काही ठिकाणी पारी व सारण हा भेदच पुसून टाकतो. ही किमया माशाच्या प्रथिनांची असून, ती नीट साधली आहे की पिठाच्या आधाराने भागवली आहे, यावरच त्या पदार्थाची चव आणि त्याची पौष्टिकता या दोन्ही गोष्टी अवलंबून असतात.

चीनच्या शानदोंग प्रांताचा पूर्वेकडचा भाग समुद्रात दूरवर शिरलेला असून त्याला ज्याओदोंग द्वीपकल्प म्हणतात. छिंगदाओ, यानताय आणि वेहाय ही बंदरे याच भागातली. वसंत ऋतूत या किनाऱ्याला बा-यू नावाचा मासा येतो आणि छिंगदाओच्या आसपास जावयाने त्या दिवसांत मोठा बा-यू सासुरवाडीला नेऊन सासऱ्याला देण्याची प्रथा आहे. बा-यूचे शास्त्रीय नाव स्कॉम्बेरोमोरस निफोनियस. कोकणातली सुरमई, म्हणजे स्कॉम्बेरोमोरस कॉमरसन, ही त्याच प्रजातीतली. सुरमईचे तुकडे करून ते तळणे किंवा कालवणात सोडणे हा कोकणचा शिरस्ता आहे, तर ज्याओदोंगमध्ये तिच्याच भावंडाचे मांस खरवडून त्याचे सारण करतात आणि ते ज्याओझमध्ये, म्हणजे गव्हाच्या पारीच्या उकडलेल्या डंपलिंगमध्ये भरतात. इतरत्र ज्याओझ एका घासाचे असते. येथले मात्र चांगले भरगच्च असते आणि ते खाताना दोन-तीन घास घ्यावे लागतात.

या सारणाची कृती बारकाईने पाहण्यासारखी आहे. मधला काटा काढून माशाचे दोन लांब भाग करतात, कातडीची बाजू पाटावर ठेवून चमच्याच्या कडेने मांस अलगद खरवडून घेतात आणि या खरवडण्यातच बारीक काटे हाताला लागून वेगळे निघतात. ते मांस सुरीने बारीक चेचल्यावर त्यात मीठ, आल्याचा रस, अंड्याचा पांढरा भाग आणि थोडी डुकराची चरबी किंवा तेल घालतात. त्यानंतरचे काम चिकाटीचे असते. ह्वाज्याओ या मसाल्याच्या दाण्यांवर गरम पाणी ओतून ते गार करून ठेवलेले असते. त्या पाण्याचे हबके एकामागून एक देत सारण एकाच दिशेने फेटत राहायचे, आधीचे पाणी पूर्ण जिरल्याशिवाय पुढचे घालायचे नाही. सुरुवातीला ओलसर चुऱ्यासारखे दिसणारे मांस हळूहळू चकाकू लागते, भांड्याची कड सोडते आणि चमचा ओढला की मागे तार धरते. शेवटी लसणासारख्या वासाची, चपट्या पानांची ज्यौ-त्साय ही पात बारीक चिरून घालतात. ती आधी घातली तर मिठामुळे तिला पाणी सुटते आणि सारण सैल पडते. ह्वाज्याओची ओळख कोकणी आणि गोमंतकीय वाचकांना वेगळ्या नावाने आधीपासूनच आहे, कारण बांगड्याच्या कालवणात घातले जाणारे तिरफळ हे झँथॉक्सिलम या त्याच प्रजातीतले फळ असून दोन्हींचे काम एकच, जिभेला हलकी झिणझिणी देऊन माशाचा उग्र वास दाबणे. एकमेकांपासून इतक्या दूर असलेल्या दोन किनाऱ्यांवरच्या स्वयंपाकघरांनी तेलकट माशासाठी एकाच प्रजातीचे फळ निवडावे, ही गोष्ट खरोखर कौतुकाची आहे.

फेटण्याने नेमके काय होते, हे समजून घेतल्याशिवाय पुढचे काहीच कळणार नाही. माशाच्या ताज्या मांसात सर्वसाधारणपणे १६ ते २० टक्के प्रथिने असतात आणि त्यांतला मोठा वाटा स्नायूंच्या आकुंचनाचे काम करणाऱ्या मायोसिन आणि अ‍ॅक्टिन या तंतुमय प्रथिनांचा असतो. साध्या पाण्यात ही प्रथिने विरघळत नाहीत. मीठ घालून मांस घोटले की ती तंतूंमधून सुटी होऊन बाहेर येतात आणि चिकट लगदा तयार होतो. हा लगदा तापवला की सुटी झालेली प्रथिने उलगडतात, एकमेकांना जोडली जातात आणि त्यांची बारीक जाळी तयार होऊन तिच्यात पाणी व चरबी अडकून राहते. मासळीच्या डंपलिंगचा दाताखाली जाणवणारा लवचिकपणा आणि त्याचा रसाळपणा ही या जाळीचीच देणगी होय. अट एवढीच की मांस घोटताना गार राहिले पाहिजे, कारण घर्षणाने ते तापले तर प्रथिनांची घडी वेळेआधी बिघडते आणि जाळी विणलीच जात नाही. म्हणून जाणते आचारी बर्फाचे पाणी वापरतात. एकाच दिशेने ढवळण्याचा आग्रह परंपरेने सांभाळला असला तरी खरे काम दिशेचे नसून मीठ, गारवा आणि न थांबता घोटणे यांचे आहे.

तापवण्याचेही एक गणित आहे आणि ते जपानी कारागिरांनी फार पूर्वी अनुभवाने ओळखले होते. साधारण ४० अंश सेल्सिअसच्या आसपास लगदा काही वेळ राहिला तर तो हळूहळू बसतो आणि लवचिक होतो. या अवस्थेला जपानीत ‘सुवारी’ म्हणतात. त्यापुढे ५० ते ७० अंशांच्या टप्प्यात मात्र माशाच्या मांसातलीच काही विकरे, म्हणजे प्रथिने तोडणारे घटक, जागी होतात आणि नुकतीच विणलेली जाळी उसवू लागते. या बिघाडाला ‘मोदोरी’ हे नाव आहे. चांगला आचारी वळलेले गोळे किंवा डंपलिंग आधी कोमट पाण्यात विसावू देतो आणि नंतर हा धोक्याचा टप्पा झपाट्याने ओलांडून थेट उकळीपर्यंत नेतो. मंद आचेवर दीर्घकाळ शिजवलेले मासळीचे सारण भुसभुशीत का होते, याचे उत्तर ‘मोदोरी’ या एका शब्दात आहे.

प्रथिनांची ही ताकद ओळखली की मासा पारी कसा होतो याचे नवल वाटत नाही. दक्षिण चीनच्या ग्वांगदोंग प्रांतातल्या छाओचौ आणि शानतौ या भागात गव्हाची पारी बाजूला ठेवून माशाच्या लगद्याचीच पारी लाटतात. लगदा भांड्याच्या तळाशी आपटून आपटून घट्ट करायचा, त्याच्या लहान गोळ्या पिष्टात, म्हणजे कंदाच्या किंवा धान्याच्या निव्वळ सत्त्वात घोळवायच्या आणि लाटण्याने जवळजवळ पारदर्शक होईपर्यंत पातळ करायच्या. आत बहुधा डुकराच्या मांसाचे सारण येते. यासाठी तेथे ज्या माशांना पसंती आहे त्यांत सॉरिडा प्रजातीचा मासा आहे, ज्याला कोकणात चोर बोंबील म्हणतात आणि जो मुंबईच्या लाडक्या बोंबलाच्याच कुळातला आहे. काट्यांमुळे ताटात फारसा मान न मिळणारा हा मासा लगद्यासाठी मात्र उत्तम ठरतो, कारण त्याचे मांस पांढरे असते आणि ताजेपणी चांगले चिकट होते. छाओचौचे लोक व्यापारासाठी आग्नेय आशियात गेले तेव्हा ही पारीही त्यांच्याबरोबर गेली. थायलंडमध्ये तिचे ‘कियाव प्ला’ झाले आणि सिंगापूर-मलेशियातल्या नूडल्सच्या वाडग्यात ती आजही माशाच्या गोळ्यांशेजारी तरंगताना दिसते.

कोरियाने याहून वेगळी वाट काढली. तेथल्या ‘ओमांदू’त लगदा नाही, पीठही नाही, माशाचे सपाट, पातळ काप हीच पारी. जांग ग्ये-ह्यांग या विदुषीने १६७० च्या सुमारास कोरियन लिपीत लिहिलेल्या ‘उमशिक दिमिबांग’ या पाकग्रंथात या पदार्थाचा समावेश आहे आणि पुढे राजवाड्यातल्या मेजवान्यांतही त्याला स्थान मिळाले. मिनो, म्हणजे घोळ माशाच्या कुळातला एक मासा, किंवा बोईट यांचे तिरके काप करून त्यांवर किंचित मीठ शिंपडायचे, ओलावा टिपून घ्यायचा, आतल्या बाजूला मुगाच्या पिष्टाची बारीक भुकटी लावायची आणि बीफ, अळंबी व मोड आलेले मूग यांचे परतलेले सारण ठेवून काप अर्धचंद्रासारखा दुमडायचा. वाफ लागताच मुगाचे पिष्ट काचेसारखे चकाकते आणि कड चिकटून बसते. या पदार्थाला कौशल्य लागते ते सुरीचे, कारण काप जाड राहिला तर दुमडताना तुटतो आणि फार पातळ झाला तर वाफेत उकलतो. पोषणाच्या बाजूने पाहिले तर या साऱ्या कुळात ओमांदूसारखा पदार्थ दुसरा नाही, कारण त्यात पिष्ट केवळ चिमूटभर आणि बाकी सर्व मासा, मांस व भाजी असते.

याच्या दुसऱ्या टोकाला इंडोनेशिया आहे. जावा बेटावरच्या बांडुंग शहरात चिनी स्थलांतरितांचे शाओमाय हे डंपलिंग ‘सियोमाय’ झाले, आणि बहुसंख्य लोक मुस्लिम असल्याने डुकराच्या मांसाची जागा तेंगिरी या माशाने घेतली. तेंगिरी म्हणजे सुरमईच. तिच्या लगद्यात टॅपिओकाचे पिष्ट, म्हणजे ज्या कंदापासून साबुदाणा होतो त्याचे सत्त्व मिसळून ते वाफवतात आणि बटाटा, कोबीची गुंडाळी, कारले, टोफू व उकडलेले अंडे यांच्या सोबतीने वर शेंगदाण्याची दाट, तिखट-गोड चटणी ओतून, आंबट लिंबू पिळून देतात. सुमात्रातल्या पालेमबांग शहराचे ‘पेम्पेक’ हेही याच जातीचे. पूर्वी त्यासाठी मुसी नदीतला बेलिदा मासा वापरत, तो दुर्मीळ होत गेला तेव्हा तेंगिरी आणि गाबुस, म्हणजे मरळ, यांनी त्याची जागा भरून काढली. पेम्पेकमध्ये पारी आणि सारण असा फरक बहुधा उरतच नाही, मासा आणि साबुदाण्याचे पिष्ट यांचा एकजीव गोळा असतो, तर ‘पाणबुडी’ या अर्थाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या मोठ्या पेम्पेकच्या पोटात आख्खे अंडे फोडून भरलेले असते.

पिष्ट घालण्यात वाईट काही नाही. त्याने पदार्थाला एक वेगळा, ओढला जाणारा मऊपणा येतो आणि तो मऊपणा हीच पेम्पेकची ओळख आहे. चिंता आहे ती प्रमाणाची. मासा महाग आणि पिष्ट स्वस्त असल्यामुळे, आणि घोटण्याचे कष्ट वाचवले की कच्ची राहिलेली जाळी पिष्टाने सावरून घेता येत असल्यामुळे, विक्रीच्या पदार्थात मासा कमी कमी होत जातो. हाँगकाँगच्या रस्त्यावर मिळणारे पिवळे फिश शाओमाय हे याचे ठळक उदाहरण असून त्यात नाव माशाचे असले तरी बऱ्याचदा भर पिठाचाच असतो. टॅपिओकाच्या १०० ग्रॅम पिष्टात सुमारे ३५० किलोकॅलरी असतात आणि प्रथिने जवळजवळ शून्य. तेवढ्याच पांढऱ्या मांसाच्या माशात किलोकॅलरी शंभराच्या आत आणि प्रथिने १८ ग्रॅमच्या आसपास. नाव तेच राहून ताटात काय पडते ते मात्र पूर्ण बदलू शकते, ते असे. घटकांच्या यादीत पहिले नाव माशाचे आहे की पिष्टाचे, हे तयार पाकिटावर वाचून घेणे त्यामुळे अगत्याचे ठरते.

तयार पाकिटातल्या मासळीचा विषय आला की सुरीमीचा उल्लेख टाळता येत नाही. माशाचा खिमा थंड पाण्याने वारंवार धुऊन रक्त, चरबी आणि पाण्यात विरघळणारे घटक काढून टाकले की जी जवळजवळ निर्गंध, पांढरी प्रथिने उरतात त्यांना सुरीमी म्हणतात. ती गोठवली की तिची जाळी विणण्याची शक्ती नष्ट होत असे. १९६० च्या सुमारास जपानच्या होक्काइदो बेटावरील संशोधकांनी तीत साखर मिसळून ही अडचण सोडवली आणि सुरीमी जगभर जाऊ लागली. या व्यापारात रत्नागिरीचा खरा वाटा आहे, कारण अरबी समुद्रातल्या राणी माशापासून तेथे सुरीमी तयार होते आणि परदेशांत रवाना होते. मात्र धुण्यामुळे माशातली काही ब जीवनसत्त्वे, खनिजे आणि ओमेगा-३ मेदाम्ले असलेली चरबीही निघून जाते, शिवाय साखर येते. ताज्या माशाच्या सारणाशी तिची बरोबरी प्रथिनांच्या बाबतीत होऊ शकेल, बाकीच्या बाबतीत नाही.

ताज्या सारणाचा हिशेब एका उदाहरणाने स्पष्ट होतो. बा-यू किंवा सुरमईच्या जातीच्या मध्यम तेलकट माशाचे २५० ग्रॅम मांस, २०० ग्रॅम मैदा, २० ग्रॅम तेल आणि १०० ग्रॅम पात घेतली तर मोठ्या आकाराचे २० ज्याओझ होतात आणि त्यांत सगळे मिळून सुमारे १,३०० किलोकॅलरी व ७० ग्रॅम प्रथिने असतात. दहा ज्याओझच्या ताटात त्याप्रमाणे साधारण ६५० किलोकॅलरी आणि ३५ ग्रॅम प्रथिने येतात, जे एका प्रौढाच्या पूर्ण जेवणाला पुरेसे आहे. माशाऐवजी चरबीयुक्त डुकराचा खिमा तेवढाच घेतला तर प्रथिने किंचित कमी होतात, पण चरबी तिपटीहून अधिक असल्याने एकूण उष्मांक सुमारे ३०० ने वाढतात. शिवाय गव्हाच्या प्रथिनांत लायसिन हे आवश्यक अमिनो आम्ल कमी असते आणि माशात ते भरपूर असते, त्यामुळे पारीची उणीव सारण भरून काढते. ब१२ जीवनसत्त्व, सेलेनियम आणि तेलकट माशातली ओमेगा-३ मेदाम्ले ही वरची मिळकत आहे. हेच डंपलिंग कढईत तळले की तेल शोषून हिशेब बिघडतो, म्हणून वाफवणे आणि उकडणे या जुन्या पद्धतीच श्रेयस्कर.

मिठाकडे मात्र डोळेझाक करून चालत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढ व्यक्तीसाठी दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सुचवले आहे. वरच्या सारणात माशाच्या वजनाच्या दीड टक्का मीठ घातले तर दहा ज्याओझमधून जवळपास दोन ग्रॅम मीठ पोटात जाते आणि सोबत मोठा चमचाभर सोया सॉस घेतला तर त्यातून आणखी दोन ग्रॅमच्या वर. एका जेवणातच दिवसाचा कोटा संपत येतो. प्रथिनांसाठी सारणातले मीठ गरजेचे आहे, ते काढता येत नाही. सॉस मात्र व्हिनेगर, आले आणि लसूण यांत पातळ करून अर्ध्यावर आणता येतो, आणि शानदोंगमध्ये ज्याओझसोबत व्हिनेगर घेण्याची रीत आहेच. उच्च रक्तदाब असलेल्यांनी ती उचलावी.

सुरमईच्या जातीच्या माशांबाबत दोन सावधगिऱ्या आवश्यक आहेत. या माशांच्या मांसात हिस्टिडिन हे अमिनो आम्ल भरपूर असते. मासा उन्हात किंवा उबेत राहिला तर जिवाणू त्याचे हिस्टामिन करतात, आणि हे हिस्टामिन शिजवल्यानेही नष्ट होत नाही. चेहरा लाल होणे, अंगावर गांधी उठणे, डोके ठणकणे अशी लक्षणे खाल्ल्यावर लगेचच दिसू लागतात. खिम्यात हवा आणि जिवाणू सगळीकडे मिसळत असल्याने मासा बाजारातून घरी येईपर्यंत आणि घोटतानाही बर्फात राहिला पाहिजे, म्हणजे जो गारवा जाळीला हवा तोच पोटालाही हवा. दुसरी गोष्ट पाऱ्याची. मोठे शिकारी मासे लहान मासे खाऊन पारा साठवत जातात आणि अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने गर्भवती व स्तनदा मातांना सुरमईच्या प्रजातीतला किंग मॅकरेल पूर्णपणे टाळण्यास सांगितले आहे. अशा घरांत राणी मासा किंवा बोईट यांसारखे आकाराने लहान मासे वापरणे शहाणपणाचे. मासे, गहू, सोयाबीन, तीळ किंवा शेंगदाणे यांची अ‍ॅलर्जी असणाऱ्यांनी सारण आणि चटणी दोन्हींची चौकशी करूनच खावे.

घरी करताना पारीसाठी मैद्याच्या निम्मे पाणी घालून पीठ मळावे, अर्धा तास झाकून ठेवावे आणि मोदकाच्या पारीप्रमाणेच मध्ये जाड व कडेला पातळ लाटावे. फरक एवढाच की कळ्या वर न नेता कड अर्धचंद्राकार दाबून बंद करायची असते. मोदकपात्रात ते उत्तम वाफवले जातात. पाण्यात उकडायचे तर उत्तर चीनमधली जुनी रीत पाळावी: ज्याओझ सोडल्यावर पाण्याला उकळी आली की वाटीभर गार पाणी ओतायचे, पुन्हा उकळी आली की पुन्हा ओतायचे, असे तीनदा. खळखळत्या पाण्यात पारी फुटते आणि आत कच्चे राहते, ते गार पाण्याच्या या विरामांनी टळते. तिसऱ्या उकळीला ज्याओझ फुगून वर तरंगू लागतात आणि पारीतून पातीचा हिरवा रंग दिसतो. ते झाऱ्याने काढून घेतल्यावर मागे उरलेले पांढुरके, पेजेसारखे पाणी तेथे कोणी टाकून देत नाही. पारीतून सुटलेले पिष्ट आणि थोडी ब जीवनसत्त्वे त्यात उतरलेली असतात, आणि जेवण संपता संपता ते वाडग्यांत ओतून, मीठही न घालता, गरम गरम प्यायले जाते.